तलाव, बोट आणि संडासाची चाबी : एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव लिहित नाही, माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही अधूनमधून तिथं जेवायला जायचं असतं. पूर्व विदर्भातलं धानपट्ट्यातलं गाव, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या एका गेटपासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर, दोनशेच्या आसपास घरं, आणि गावाच्या उशाशी एक मामा तलाव. नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं की हा मामा म्हणजे आईचा भाऊ नाही, माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत, बरेचसे कोहळी या शेतकरी समाजातल्या लोकांनी बांधलेले. नवेगावबांधचा मोठा तलावसुद्धा कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सगळेच सांगतात. रचना साधी पण डोकं लावून केलेली. मातीची पाळ, शेताला पाणी सोडायला तुडूम, आणि जास्तीचं पाणी निघून जायला सलंग.

मालगुजारी गेली १९५० च्या कायद्यानं, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारजमा झाले पण शेतकऱ्यांचा निस्तार हक्क, म्हणजे तलावाचं पाणी वापरायचा परंपरेनं आलेला हक्क, लोकांच्या डोक्यातून काही गेला नाही, आमच्या आज्या-पणज्यानं माती वाहून बांधला, पाणी आमचंच, असं अजूनही म्हणतात आणि त्यात खोटं काय आहे. आता कागदावर बघा. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेला तलाव म्हणून पाळ आणि तुडूम जिल्हा परिषदेच्या सिंचन विभागाचं. मासे ठेका घेतलेल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या संस्थेचे. पाणी धानवाल्यांचं. पलीकडचा काठ वनविभागाचा, येणारा रस्ता बांधकाम विभागाचा, आणि पाळीच्या खालची गावठाणाची जागा ग्रामपंचायतीची. म्हणजे पर्यटक ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणतो त्या एका नजरेत सहा मालक बसलेले असतात.

मी तेव्हा तालुक्यात बचत गटांच्या कामात होतो. टायपिंग येतं म्हणून पर्यटन विकासाचा प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी तो मन लावून लिहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ज्या चुका येतील त्यातल्या दोन माझ्याच हातच्या आहेत.

कल्पना मुळात वाईट नव्हती. सकाळची सफारी साडेदहाच्या आत-बाहेर संपते, दुपारची सुरू व्हायला वेळ असतो, त्या मधल्या चार तासात पर्यटक रिसॉर्टच्या खोलीत मोबाईल चार्ज करत पडलेला असतो. त्याला तलाव दाखवावा, पक्षी दाखवावेत, गावचं जेवण द्यावं. हिवाळ्यात तलावावर पट्टकादंब येतात, तलवार बदकं येतात, अडई तर बारा महिने शिट्ट्या मारत असतात, कमळपक्षी पानावरून चालतात. जिल्हा नियोजन समितीकडून निधी मंजूर झाला. त्यात कमान आली, पेव्हर ब्लॉक आले, दोन पॅगोडे, सोलर लाईट, स्त्री-पुरुष वेगळं शौचालय, दहा सीटची एक मोटरबोट आणि बदकाच्या आकाराच्या दोन पायडल बोटी. खऱ्या बदकांच्या तलावात प्लास्टिकची बदकं का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, मीही नाही.

अडचण कुठं सुरू झाली

काम मार्च एण्डला धरून झालं. ३१ तारखेच्या आत बिल निघालं पाहिजे, त्यामुळं जे दिसतं ते आधी झालं, कमान, ब्लॉक, रंग. शौचालयाच्या वर टाकी बसली पण टाकीत पाणी चढवायची पाईपलाईन 'दुसऱ्या हेडमध्ये' होती, ते हेड पुढच्या वर्षी येणार होतं, आलं नाही. उद्घाटन दणक्यात झालं.

पुढच्या जानेवारीतला पहिला रविवार मला नीट आठवतो. नवीन वर्षाची गर्दी, पाळीवर गाड्या चढवलेल्या, चिंचेखाली डीजेचा डबा, कोणी चूल मांडून चिकन शिजवत होतं. नागपूरकडचं एक कुटुंब आलं होतं, सोबत सत्तरीच्या आजी. आजी शौचालयाच्या दाराशी उभ्या, लुगड्याचा काठ मुठीत धरून, आणि दाराला कुलूप. त्यांचा मुलगा मला म्हणाला, तुम्ही इथले का, चाबी कोणाजवळ आहे. मी ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याजवळ नाही जी, ग्रामसेवकाजवळ. ग्रामसेवक म्हणाले, ताबा आम्हाला मिळालाच नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, मी तर इंजिनियर साहेबाला देऊन मोकळा झालो. साहेबांची बदली झालेली. असे पंचवीस-तीस मिनिटं फोन चालले होते आणि आजी तिथंच. शेवटी पाळीच्या खालच्या घरातली एक बाई धान पाखडायचं सूप बाजूला ठेवून वर आली, आजींचा हात धरला, म्हणाली, "चाला आई, माया घरी चाला. हे सरकारी आहे, याले कुलूपच शोभते." आजी गेल्या, आल्या, चहाही पिऊन आल्या. ही बाई पुढं महत्त्वाची आहे, तिला इथं आपण गेटवाली ताई म्हणू.

पण चाबी हे फक्त वरचं दुखणं होतं. मोटरबोटीच्या पंख्यात त्याच आठवड्यात ढिवरांची जाळी अडकून फाटली, एक नाही तीन. प्रस्ताव लिहिताना मी ग्रामसभेचा ठराव घेतला होता, रीतसर, पण मच्छीमार संस्थेला वेगळं विचारलंच नव्हतं, म्हटलं ते लोक ग्रामसभेत असतीलच की. त्या दिवशी ते कुठल्या तरी बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, मासे काढायला गेले होते. ही माझी पहिली चूक. इंजिनचा आवाज सुरू झाला तसे पट्टकादंब उठून पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि दोन आठवड्यांनी तिथूनही गेले, म्हणजे ज्यांना दाखवायला बोट आणली त्यांनाच बोटीनं हाकललं.

दुसरी चूक फोटोची. प्रस्तावाला जोडलेला तलावाचा फोटो मी सप्टेंबरात काढला होता. सलंगवरून पाणी वाहतंय, तलाव तुडुंब, बघणाऱ्याला काश्मीर वाटावं. पण मामा तलाव असतोच मुळी रिकामा व्हायला! ऑक्टोबरात पाऊस दगा देतो तेव्हा धानाला शेवटचं पाणी इथूनच सुटतं, आणि ज्या वर्षी पाणी बरं असतं त्या वर्षी उन्हाळी धानासाठी परत तुडूम उघडतात. फेब्रुवारीच्या शेवटी बोटीची जेट्टी चिखलात आणि पाणी तिथून दीडशे पावलं लांब. कोणीतरी आयडिया काढली की तुडूम थोडे दिवस बंद ठेवा, सीझन होऊ द्या. गावात मारामारी व्हायचीच बाकी होती. ढिवरांच्या संस्थेतले एक म्हातारे, सगळे त्यांना बाबाजी म्हणतात, ते बैठकीत मला म्हणाले, "सायेब, तुमी पानी पाहून बोट आनली. पानी कोनाचं आहे ते नाही पाहिलं जी." मी खाली मान घालून चहा पीत राहिलो.

समोर काय पर्याय होते

उन्हाळ्यात धान निघाल्यावर, मंडळी जरा मोकळी झाल्यावर बसलो. पहिला पर्याय बाहेरून आला. एका रिसॉर्टवाल्यानं सगळं दहा वर्षांसाठी चालवायला मागितलं, ग्रामपंचायतीला वर्षाला ठरावीक रक्कम, बाकी त्याचं. सरपंचबाईंचं मन तिकडं झुकत होतं आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्यामागं लाईटबिलाचा तगादा होता, सोलर सोडून पॅगोड्याला घेतलेलं मीटर व्यावसायिक दरानं पळत होतं. अडलं ते एवढ्यावर की त्याला बारमाही पाणीपातळी लिहून हवी होती, आणि ती लिहून द्यायचा अधिकार गावात कोणालाच नव्हता.

दुसरा, ग्रामपंचायतीनं स्वतः चालवायचं. कागदोपत्री हे सगळ्यात सोपं, गाडीतळाची फी लावायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहेच आणि १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत तेव्हा ६० टक्के बंधित असायचा, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला, त्यातून शौचालयाची पाईपलाईन बसत होती. पण रोज सकाळी सहाला गेट कोण उघडणार? शिपाई एक, तोच नळ सोडतो, तोच दवंडी देतो, तोच करवसुलीला फिरतो.

तिसरा पर्याय तरुण पोरांचा आणि काही म्हाताऱ्यांचाही, बंद करून टाका. कमान राहू द्या, वाढदिवसाचे बॅनर लावायला कामी येते.

चौथा म्हणजे सगळ्यांची मिळून एक समिती. ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था, महिला ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ), पाणी वाटपातले दोन शेतकरी, आणि वनविभागाचा वनरक्षक निमंत्रित म्हणून. खरं सांगायचं तर मला यातही फार दम वाटत नव्हता. समित्या मी पुष्कळ पाहिल्या, सह्यांचं रजिस्टर तेवढं भरत जातं. माझं मत रिसॉर्टवाल्याशी परत बोलावं असं होतं, मी तसं बोललोही. ते ऐकलं गेलं नाही, बरं झालं.

काय केलं

बैठक फिरली ती गेटवाल्या ताईमुळं. तिनं विचारलं, पैसे कसे वाटायचे ते मांगून ठरवा, आधी सांगा संडास कोन धुवन आणि त्याचे पैसे कोठून येईन? मग पहिला नियम तोच झाला. गाडीतळाच्या फीमधून महिन्याला आधी सफाई करणाऱ्याचा पगार बाजूला काढायचा, मग वीज, मग पाणी, आणि त्यानंतर उरलं तर वाटा. उरलं नाही तर कोणाला काही नाही. करारनामा १०० च्या स्टॅम्पवर लिहिला, ग्रामसभेत वाचून दाखवला, आणि या वेळी ग्रामसभेची तारीख मच्छीमार संस्थेला विचारून ठेवली.

सफाईचं काम कोण करणार यावर दोन बैठका गेल्या, ते सगळं इथं लिहित नाही, जात आली की बैठक कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी गटातल्या दोन जणींनी आळीपाळीनं घेतलं, अट एकच, पगार रोजंदारीपेक्षा कमी नको आणि हातमोजे-बूट समितीनं द्यायचे.

चाबी गेटवाल्या ताईच्या घरी, दाराच्या आतल्या खिळ्याला. जुनं कुलूप तोडून नवीन लावलं, रीतसर ताब्याचा कागद यायला त्यानंतर आठ महिने लागले. फोन नंबरही एकच, तिचाच. रिसॉर्टचे मॅनेजर, जिप्सीवाले, गेटवरचे गाईड सगळ्यांना सांगितलं की जेवण असो, डोंगा (ढिवरांची लहान होडी) असो की नुसती गाडी लावायची असो, आदल्या रात्री आठच्या आत या नंबरवर सांगायचं, ती एका वहीत लिहिणार. वहीचे रकाने तिनंच आखले : किती माणसं, लहान किती, मासे खाणार का, किती वाजता. मी एक्सेल शीट बनवून दिली होती, ती कोणी उघडली नाही.

गाड्या पाळीवरून खाली आणल्या. यामागं सिंचन विभागाच्या अभियंत्याचं पत्र होतं, पाळीवर जड वाहन चढलं की माती दबते, कडा ढासळते, आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपायला लागतं. आधी हे पत्र अडथळा वाटलं होतं, आता तेच ढाल झालं, गाडीवाला भांडायला लागला की ताई त्याला लॅमिनेट केलेलं पत्र दाखवते. गाडीतळ शाळेमागच्या पडीत जागेत, एका वेळी पंचवीस गाड्या, सव्वीसावी परत. पहिल्या थर्टी फर्स्टला हा आकडा पाळताना सरपंचबाईंच्या स्वतःच्या भाच्याची गाडी परत गेली, त्यानंतर नियमाला वजन आलं.

मोटरबोट बंद. त्याऐवजी ढिवरांचे डोंगे, एका डोंग्यात दोनच पाहुणे, लाईफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, सकाळी सहा ते नऊ. बाबाजींनी मार्ग ठरवला, जाळ्यांच्या बाहेरून, बेशरमच्या झुडपांना वळसा घालून, पक्षी बसतात त्या कोपऱ्याच्या अलीकडं थांबायचं. डोंगा चालवणारा माणूस तीस वर्षं त्या पाण्यात आहे, त्याला पक्ष्यांची पुस्तकी नावं येत नाहीत पण कुठला पक्षी कुठं अंडी घालतो ते येतं. पुण्याच्या एका बाईनं विचारलं, हे कोणतं बदक, तर म्हणाला, "हे? हे आलं का समजायचं थंडी पडली."

बेशरम काढायचं काम ग्रामसंघानं मजुरीवर घेतलं. ती नुसती तोडली तर परत येते, मुळासकट उपटावी लागते, पाणी उतरल्यावर, कमरेइतक्या गाळात उभं राहून. दोन उन्हाळे गेले त्यात.

जेवणाची पाळी तीन घरांची. भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी, सांगितलं असेल तर मरळचा रस्सा. अन्न सुरक्षेचं साधं रजिस्ट्रेशन केलं, तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत होतं. दर पाटीवर लिहिले. रिसॉर्टवाल्यांना कमिशन द्यायचं की नाही यावर वाद झाला, शेवटी दिलं नाही, त्याऐवजी गाडी घेऊन येणाऱ्या जिप्सीवाल्याला जेवण फुकट. माझ्या मते सगळ्या प्रकरणात यापेक्षा हुशारीचा निर्णय दुसरा नाही, कारण पाहुणा कुठं जाणार हे मॅनेजर ठरवत नाही, साडेदहा वाजता भूक लागलेला जिप्सीवाला ठरवतो.

काय झालं

दुसऱ्या हिवाळ्यात पट्टकादंब परत आले. आमच्यामुळं आले असं मी म्हणणार नाही, पाऊसही चांगला होता, तलावात फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकलं. पण पाणी होतं आणि इंजिन नव्हतं.

सफाईचा पगार एकही महिना चुकला नाही, पावसाळ्यात गाड्या नसतात तेव्हाही, कारण हंगामात तीन महिन्यांचा आगाऊ बाजूला काढायचं ठरलं होतं. वाटा म्हणून जे उरलं ते मात्र बेताचंच. डोंगेवाल्यांना सकाळच्या तीन तासांत रोजीएवढं सुटायचं, आणि नऊनंतर मासे धरायला मोकळे, म्हणून त्यांना परवडलं. स्वयंपाकाच्या घरांना सुट्टीच्या दिवशी बरं, एरवी काहीच नाही.

गाईड म्हणून तयार केलेली चार पोरं, त्यातली तीन सोडून गेली. एक पोलीस भरतीला लागला, दोघं नागपूरला कंपनीत. आम्ही त्यांना दुर्बिणी दिल्या, ट्रेनिंग दिलं, पण आठवड्याचे दोन दिवस काम देऊन सात दिवसांचं पोट कसं भरणार, हे आधी मोजलंच नव्हतं. घरी पाहुणे ठेवायची योजनाही बसली नाही. दोन घरांनी खोल्या रंगवल्या, कमोड बसवले, आणि वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक राहिले. सफारीचा पाहुणा गेटजवळच झोपतो, पहाटे पाचला त्याला उठायचं असतं, तो अर्धा-पाऊण तास लांब कशाला राहील? एका घरावर त्या खोलीचं कर्ज अजून आहे. हे मला लागतं.

जेवणाच्या पाळीवरून भांडणं झाली. एका घराचे वडे जास्त चालायला लागले, पाहुणे तेच घर मागायला लागले, दुसऱ्या दोघी रुसल्या. ताईनं वहीत नवीन नियम लिहिला, घर मागून मिळणार नाही. मला हे चूक वाटतं, चांगल्या हाताला मागणी असेल तर असू द्यावी, पण गाव तिला चालवायचं आहे, मला नाही.

परत करायचं असतं तर

फोटो मे महिन्यात काढला असता. खरंच, एवढी एक गोष्ट केली असती तर मोटरबोटीची ओळ प्रस्तावात आलीच नसती. वर्षाचे बारा महिने पाणी कुठं असतं, धानाला कधी सोडतात, जाळी कधी टाकतात, पक्षी कधी येतात, हा एक कागद आधी बनवायला हवा होता, बाबाजींच्या ओट्यावर बसून दोन तासात झाला असता.

शौचालयाचं पाणी आणि सफाई यांची सोय लेखी झाल्याशिवाय बांधकाम सुरू करू दिलं नसतं. हे बोलायला सोपं आहे हे मला कळतं. मार्चमध्ये निधी परत जाणार असेल तर कुठला सरपंच थांबेल? पण निदान कमानीचे पैसे पाईपलाईनला वळवता आले असते, त्यासाठी अंदाजपत्रक बनतानाच कोणीतरी टेबलासमोर बसून राहायला पाहिजे होतं, आणि ते मी करू शकलो असतो.

मुक्कामाच्या खोल्या तर अजिबात नाही. आधी दोन हंगाम दुपारचं जेवण चालवायचं, वहीत बघायचं किती लोक 'राहायची सोय आहे का' विचारतात, मग बँकेच्या दारात जायचं.

एका गोष्टीचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. मच्छीमार संस्थेचा ठेका संपत आलाय. पुढचा ठेका दुसऱ्याच संस्थेला गेला तर डोंग्याचा करार त्यांच्याशी नव्यानं करावा लागेल, आणि ते मोटरबोट मागणार नाहीत कशावरून. या महिन्यात त्यावर बैठक आहे, बाबाजींनी बोलावलंय.

बोट पाळीच्या पायथ्याशी उलटी करून ठेवली आहे. शासकीय मालमत्ता, विकता येत नाही, निर्लेखनाचा, म्हणजे सरकारी यादीतून काढून टाकायचा, प्रस्ताव गेलेला आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा तिच्याखाली ताईची कोंबडी अंड्यावर बसलेली होती, आणि ताई म्हणाली, आवाज करू नका जी, उठन ते.